हवेवर फिरणारा आंस

आंस सुरळीत फिरावयाचा तर तेल हवें, ही समजूत घरोघरच्या शिवणयंत्रानें पक्की केलेली आहे. परंतु १८९७ सालीं अमेरिकेंतील अल्बर्ट किंग्सबरी ह्यांनीं नुसत्या हवेच्या वंगणावर चालणारें बेअरिंग प्रयोगानें दाखविलें. वेगानें फिरणारा आंस भोंवतालची हवा ओढून नेतो. फट अरुंद होते तेथें ती पाचरीसारखी कोंदते आणि तिचा दाब आंसाला उचलून धरतो. फट केसाहूनही बारीक! उष्णतेनें तेल पातळ होतें, हवेचा चिकटपणा उलट वाढतो. हा तिचा मोठाच गुण.

खरी अडचण वेग वाढल्यावर येते. आंसालगतची हवा आंसाच्या वेगानें जाते, भिंतीलगतची स्थिर राहते; म्हणजे सरासरी वेग निम्मा. आंसाचा मध्यच ह्या निम्म्या वेगानें घिरट्या घालूं लागला, तर पाचर उरत नाहीं आणि आधार सुटतो. दर सेकंदाचे फेरे आंसाच्या स्वाभाविक कंपनांच्या सुमारें दुप्पट झाले कीं ह्या घिरट्या बळावतात. भोंवरा डुलतो तो वेग मंदावल्यावर. हें संकट वेगाबरोबर वाढतें. कंपनें जिरविण्याची शक्ति हवेच्या अंगीं थोडी, त्यामुळें पाहतां पाहतां आंस भिंतीला घासून यंत्र निकामी होतें.

ह्यावर एक उपाय म्हणजे भिंतच लवचिक करणें. पातळ पत्र्यांचें बेअरिंग किंचित् दबतें आणि पत्र्यांच्या परस्परघर्षणांत कंपनें जिरतात. १९७० च्या दशकांत डीसी-१० विमानांच्या वातानुकूलन-यंत्रांत अशीं बेअरिंगें होतीं. मात्र सुरू होतांना व थांबतांना हवेची गादी नसते. तेवढा वेळ आंस पत्र्यावर घासतच फिरतो, म्हणून त्यावर गुळगुळीत लेप द्यावा लागतो.