जुन्या मोटारीचे घरगुती पुनरुज्जीवन

जुन्या मोटारीचे घरगुती पुनरुज्जीवन म्हणजे झिजलेली किंवा दीर्घकाळ बंद पडून असलेली मोटार, तिची मूळ रचना कायम राखून, मालकाने स्वतःच्या आवारात पुन्हा चालण्यायोग्य करणे होय. अमेरिकेत या छंदाचा विषय बहुधा १९६०च्या दशकातील मोठ्या इंजिनांच्या 'मसल कार' असतात. महाराष्ट्रात ती जागा फियाट ११००, तिचेच पुढील रूप असलेली प्रीमिअर पद्मिनी, अँबॅसडर आणि जीप यांची आहे. प्रस्तुत लेखात पद्मिनीचे उदाहरण घेतले आहे.

पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथील कारखान्यात प्रथम क्रायसलर समूहाच्या मोटारींची जुळणी केली आणि पुढे फियाटच्या परवान्याने ११०० ही मोटार बनवली. १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. वालचंदांच्या नावाने वसलेले वालचंदनगर हे फलटणच्या पूर्वेस, नीरा नदीपलीकडे आहे. सातारा-सांगली भागाला इंजिनाचे काम नवे नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालचा असून फलटण येथे आज कमिन्सची डिझेल इंजिने तयार होतात. शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांमुळे बोअरिंग व लेथचे काम करणारी दुकाने तालुक्याच्या गावीही आढळतात. घरगुती पुनरुज्जीवन त्यांच्याविना पुरे होत नाही.

मूळ रूपाचे महत्त्व

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या बिगरव्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहनाला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेतील क्रमांक मिळू शकतो. मात्र त्याच्या चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. पहिल्या पद्मिनी आता या मर्यादेत येत आहेत. त्यामुळे झिजलेले इंजिन काढून दुसऱ्या मोटारीचे बसवणे हा सोपा वाटणारा मार्ग पुढे महाग पडतो. क्रमांक कोरलेला मूळ ब्लॉक वाचवणे हेच पुनरुज्जीवनाचे खरे काम आहे. अशी नोंदणी झालेले वाहन रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

सस्पेन्शन

पद्मिनीच्या पुढील चाकांना दुहेरी विशबोन व कॉइल स्प्रिंग, तर मागील अखंड अ‍ॅक्सलला पाटे असतात. पुढील भाग उघडणे हे घरगुती कामातील सर्वांत धोकादायक काम होय. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये मोठी शक्ती साठलेली असते आणि खालचा विशबोन सुटताच ती उसळून बाहेर येऊ शकते. म्हणून स्प्रिंग दाबून धरणारे साधन व भक्कम स्टँड आवश्यक आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये.

उचललेले चाक वरून व खालून धरून हलवल्यास झीज कळते. ब्रेक दाबून धरल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. तरीही राहिला तर किंगपिन किंवा त्याचे बुश झिजलेले असतात. नवे रबरी बुश बसवल्यावर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच अखेरचे आवळतात. चाके अधांतरी असताना आवळल्यास रबर पिळलेल्या स्थितीत अडकते व लवकर फाटते. पाट्यांतील गंज काढून ते पुन्हा जुळवता येतात. बसलेल्या पाट्यांना कमान देणे मात्र कारागिराचे काम आहे. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे लागते.

इंजिन

पद्मिनीचे इंजिन १,०८९ घनसेंमीचे, चार सिलिंडरचे असून सिलिंडरचा व्यास ६८ मिमी व पिस्टनची धाव ७५ मिमी आहे. ब्लॉक बिडाचा, तर हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन थेट स्टार्टरने फिरवू नये. प्लगच्या छिद्रांतून तेल सोडून काही दिवस थांबावे आणि मग क्रँक हाताने फिरवून पाहावा.

हेडचे बोल्ट सैल करताना कडेकडून मध्याकडे, आवळताना मध्याकडून कडेकडे, टप्प्याटप्प्याने जातात. तापून वाकलेले हेड सरळ पट्टी व फीलर गेजने ओळखता येते. सुटे केलेले पुशरॉड, व्हॉल्व्ह व बेअरिंगच्या टोप्या यांवर खुणा करून प्रत्येक भाग आपापल्या जागीच परत बसवतात, कारण ते परस्परांशी झिजून जुळलेले असतात. सिलिंडरची झीज वरच्या रिंगच्या पट्ट्यात सर्वाधिक असते, म्हणून माप वर व खाली दोन्हीकडे घेतात. फरक मोठा असल्यास ब्लॉक दुकानात बोअर करून जाड पिस्टन, किंवा स्लीव्ह बसवून पुन्हा मूळ मापाचे पिस्टन घालतात. उघडणे, धुणे, मोजणे व जुळवणे घरी होते. धातू कापणे लेथवर.

इंधन

पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. ही मोटार त्या इंधनासाठी बनलेली नव्हती. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या व पेट्रोलपंपाचा पडदा खराब होतो, शिवाय ते ओलावा शोषत असल्याने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. म्हणून पुनरुज्जीवनात इंधनाच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालतात, आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करतात.