वीज व नैसर्गिक वायू यांच्या जाळ्यांतील समन्वय : टेक्सासच्या अनुभवाच्या संदर्भात

वीजनिर्मितीत पवन व सौर ऊर्जेचा वाटा वाढत गेला की वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्रांची भूमिका बदलते. वारा पडताच किंवा दिवस मावळताच ही केंद्रे अल्पावधीत सुरू करावी लागतात. साहजिकच वाऱ्यातील चढउतार वीजजाळ्यातून वायूवाहिनीपर्यंत पोहोचतो. परंतु दोन्ही जाळ्यांची गती भिन्न आहे. विजेची मागणी व पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. वायू मात्र वाहिनीतून रस्त्यावरील वाहनाच्या वेगानेच सरकतो. वाहिनीत दाबाखाली असलेला साठा ही तफावत काही तास भरून काढतो. अनेक केंद्रांनी एकाच वेळी उचल केल्यास मात्र दाब घसरतो.

हे अवलंबित्व एकतर्फी नाही, याचे प्रत्यंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात आले. तीव्र थंडीत वायूविहिरींवरील व वीजकेंद्रांतील उपकरणे गोठली, पवनचक्क्यांच्या पात्यांवर बर्फ साचले. १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर वीजजाळ्याची वारंवारिता ६० हर्ट्झवरून ५९.३ हर्ट्झपर्यंत उतरली. संपूर्ण जाळे कोसळू नये म्हणून भारनियमन करण्यात आले. त्याचे प्रमाण पुढे २०,००० मेगावॅटपर्यंत गेले. या भारनियमनात वायूचे उत्पादन व शुद्धीकरण करणाऱ्या अनेक केंद्रांचीही वीज तोडली गेली. वायू आटला, त्यामुळे आणखी वीजकेंद्रे बंद पडली. अत्यावश्यक ग्राहकांच्या यादीत या केंद्रांपैकी बहुतेकांची नोंदच नव्हती. त्यासाठी लागत होता तो केवळ एक अर्ज! राज्याच्या अधिकृत गणनेनुसार या संकटात २४६ जणांचा मृत्यू झाला.

त्या काळात पवनचक्क्यांना दोष देण्यात आला. तो अपुरा होता. संघराज्य पातळीवरील चौकशीनुसार, बाधित झालेल्या १,०४५ वीजसंचांपैकी ५८ टक्के वायूवर चालणारे, तर २७ टक्के पवनऊर्जेचे होते.

जून २०२१ मधील कायद्याने टेक्सासने वायूपुरवठ्याच्या साखळीचा नकाशा तयार करणे व अत्यावश्यक केंद्रांची नोंद बंधनकारक केली. वेळापत्रकाचा प्रश्न याहून जुना आहे. अमेरिकेत वायूव्यवहाराचा दिवस मध्यवर्ती प्रमाणवेळेनुसार सकाळी ९ वाजता सुरू होतो, विजेचा मध्यरात्री. २०१५ मध्ये वायूची मागणी नोंदविण्याची मुदत सकाळी ११.३० वरून दुपारी १ पर्यंत वाढविण्यात आली. दिवसाचा आरंभ मात्र बदलला नाही. दरम्यान, प्रदूषण घटविण्यासाठी वाहिनीवरील कॉम्प्रेसर वायूऐवजी विजेवर चालविण्याकडे कल वाढला आहे, आणि त्यातून दोन्ही जाळ्यांतील गुंता अधिकच घट्ट होत आहे.