ईदच्या गर्दीआधी बँडविड्थचा हिशेब करा

संकेतस्थळावरून माल विकणाऱ्या व्यापारी बांधवांनी सर्व्हरवर जागा भाड्याने घेताना बँडविड्थची, म्हणजे महिन्याला किती डेटा पाठवता येईल याची मर्यादा पाहावी. हिशेब सोपा आहे. एक पान २ एमबीचे असेल आणि ग्राहक सरासरी ५ पाने पाहत असेल, तर १० एमबी लागतात. रोज १,००० ग्राहक आले तर १० जीबी. ३० दिवसांचे ३०० जीबी. रमजानमध्ये गर्दी तिप्पट झाली तर ९०० जीबी. मर्यादा ओलांडली की ऐन ईदच्या तोंडावर दुकान बंद पडते किंवा जादा बिल येते. मालाचे फोटो हलके करून पान १ एमबीवर आणल्यास वापर निम्मा होतो. जादा वापराचा दर करारापूर्वीच लेखी घ्यावा.