थंडी एकच, पण प्रत्येक केळीला वेगळी

शेतकरी बंधूंनो, सफरचंद किंवा आडूच्या झाडाला हिवाळ्याची भीती नसते. थंडी आली की ते पाने गाळून स्वस्थ झोपते. उलट पुरेशी थंडी मिळाली नाही तर त्याला फूल धड येत नाही. आपल्या केळीला ही सोय नाही. केळ हे उष्ण मुलखातले पीक, ते बाराही महिने जागेच असते. त्यामुळे रावेर, यावल, चोपडा भागात पारा १० अंशांच्या खाली उतरला की त्याचा मार सगळ्या बागेला बसतो. मात्र तो सगळ्या बागांना सारखा बसत नाही. शेजारच्याची बाग तगली आणि आपली अडकली असे का होते, हे आज समजून घेऊ.

थंडीत झाडाचे काय होते?

केळीला २५ ते ३० अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. १६ अंशांच्या खाली नवीन पान निघण्याचा वेग अगदी मंदावतो, मुळ्या खत-पाणी नीट उचलत नाहीत, पाने पिवळी पडू लागतात. उन्हाळ्या-पावसाळ्यात महिन्याला तीन-चार पाने देणारे झाड कडाक्याच्या थंडीत एक-दोन पानांवर येते. म्हणूनच करप्याने गेलेले पान हिवाळ्यात लवकर भरून निघत नाही. तापमान १३ अंशांच्या खाली राहिले, तर तयार घडाच्या सालीतला चीक गोठतो. असा माल पिकल्यावर पिवळाधमक न होता काळपट, मळकट दिसतो आणि व्यापारी भाव पाडतो.

सर्वांत मोठे नुकसान मात्र निसवणीत होते. थंडीने खोडातला दांडा पुरेसा लांबत नाही, वरची पाने दाटीने एकत्र येतात आणि घड गळ्यातच अडकतो. कधी तो अर्धवट बाहेर येतो, तर कधी खोड फोडून बाजूने निघतो. अशा घडाच्या फण्या वेड्यावाकड्या होतात.

बुटकी जात, अरुंद गळा

इथे जातीचा फरक पडतो. बसराई ही बुटकी जात. उंची पाच-सहा फूट, पाने एकमेकांना चिकटून. वाऱ्यात ती पडत नाही, म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पण तिचा गळा मुळातच आखूड आणि दाट असल्याने थंडीत घड अडकण्याचे प्रमाण तिच्यातच जास्त. श्रीमंती ही बसराईतूनच निवडलेली, तिच्यापेक्षा थोडी उंच. ग्रँड नैन आणखी उंच, साधारण साडेसहा ते साडेसात फूट. फ्रेंच भाषेतल्या या नावाचा अर्थच 'मोठी बुटकी'. तिच्या पानांत अंतर जास्त, त्यामुळे घडाला बाहेर पडायला वाट मिळते.

पण ग्रँड नैन लावली म्हणजे थंडीची काळजी मिटली, असे कोणी समजू नये. या तिन्ही जाती एकाच कॅव्हेंडिश गटातल्या. घड अडकणे कमी होईल, पण वाढ थांबणे आणि साल काळवंडणे तिन्हींत आहेच. शिवाय उंच झाडाला उन्हाळी वादळात टेकू द्यावा लागतो, तो खर्च धरून चालावे.

जात निम्मी, तारीख निम्मी

झाडाच्या पोटात घड तयार होतो तो बाहेर दिसण्याच्या सुमारे तीन महिने आधी. म्हणजे थंडीचा मार दोनदा बसतो. डिसेंबर-जानेवारीत निसवणारा घड अडकतो, हे आपल्याला दिसते. पण जानेवारीत पोटात धरणारा घड एप्रिलमध्ये बाहेर येतो, तेव्हा फण्या कमी आणि बोटे वाकडी निघतात. मग आपण खताला किंवा रोपांना दोष देतो. खरे कारण तीन महिने मागचे असते.

म्हणून मृगबाग जून-जुलैतच उरकावी. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रेंगाळलेल्या लागवडीचा घड ऐन थंडीत पोटात धरण्याचा धोका असतो. कांदेबाग ऑक्टोबरच्या पूर्वार्धात लावून घ्यावी, म्हणजे थंडी पडण्यापूर्वी मुळ्या जमिनीत बसतात. खोलगट, सखल शेतात थंड हवा साचते. तिथे बसराई टाळलेली बरी.

बाग उभी आहे, आता काय करावे?

१. पाणी रात्री किंवा पहाटे द्यावे. विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा ऊबदार असते. ठिबक असले तरी हाच नियम.

२. उत्तर बाजूने शेवरीचे कुंपण दाट ठेवावे. ते नसेल तर जुन्या साड्या, पोती किंवा नेट बांधावी.

३. पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करावा. विस्तव बागेच्या आत नेऊ नये आणि तो सोडून घरी जाऊ नये.

४. झाडाला पाव किलोच्या बेताने निंबोळी ढेप बुंध्याभोवती मातीत मिसळावी.

५. हिरवी पाने कापू नयेत, फक्त करप्याचा रोगट भाग काढावा. घडावर स्कर्टिंग बॅग चढवावी.

गावाने करायचे काम

रात्री पाणी द्या म्हणायचे आणि रात्री वीजच नाही, असे होऊ नये. थंडीच्या आठवड्यात कृषी पंपांना रात्रीचा पुरवठा मिळावा म्हणून ग्रामपंचायतीने वीज कार्यालयाकडे वेळेत मागणी करावी. हवामान खात्याचा थंडीचा इशारा आला की तो त्याच दिवशी फळ्यावर लिहावा. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवर, आपल्या बांधावरच्या तापमापकावर नाही. किती अंश आणि सलग किती दिवस, हे त्या वर्षीच्या शासन निर्णयात पाहून गावात सांगावे. केंद्र बंद पडले असेल तर थंडी सरण्याची वाट न पाहता लेखी कळवावे.

बंधूंनो, जानेवारीत शेकोटी पेटवून आपण नुकसान थोडे कमी करतो, इतकेच. थंडीशी खरा सामना होतो तो कंद किंवा रोप जमिनीत ठेवण्याच्या दिवशी. पुढच्या लागवडीआधी जात कोणती, शेत उंचावर की खोलात आणि घड कोणत्या महिन्यात पोटात धरेल, या तीन गोष्टी वहीत लिहा. शंका असल्यास गावातल्या कृषी कर्मचाऱ्याला ती वही दाखवा आणि मगच रोपांची मागणी नोंदवा.