शून्यावर न येणारी वीज
पांढुर्णा आणि सौंसर या, २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झालेल्या तहसिलींत, संत्र्याच्या बागेतील सौर पंपाच्या पेटीत घरचाच एमसीबी (वीज आपोआप तोडणारा खटका) बिनदिक्कत बसवावा असा मोह कोणासही व्हावा. परंतु घरची प्रत्यावर्ती वीज सेकंदास १०० वेळा शून्यावर येते आणि स्पर्शक विलग होताना उठलेली ज्वाला तेथेच विझते, तर सौर पट्ट्यांची एकदिश (डीसी) वीज, ऊन असेतो, शून्यावर येतच नाही. म्हणून डीसी एमसीबीत निराळा बंदोबस्त असतो: लोहचुंबक त्या ज्वालेस पातळ पत्र्यांच्या जाळीत लोटतो, तेथे तिचे तुकडे होऊन ती निवते. काहींवर अधिक-उण्याच्या खुणा असतात (कारागीर त्या क्वचितच वाचतो). तारा उलट जोडल्या, तर तोच चुंबक ज्वाला भलत्या दिशेस ढकलतो, आणि पेटी वितळू लागते.