रोशा गवत: मोतिया की सोफिया, हे तेलावरून ओळखा

बालाघाटाच्या हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत रोशा गवत लावायचा विचार असेल, तर आधी बियाण्याची खात्री करा. रोशाचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. पान, ताट, तुरा इतके सारखे की जाणकारही फसतो. हे पीक तीन-चार वर्षे त्याच रानात राहते, आणि चूक कळते ती पहिल्या ऊर्ध्वपातनानंतर.

खरा फरक तेलात आहे. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल साधारण ७५ ते ९० टक्के असते. गुलाबासारखा वास त्याचाच. पामरोझा तेल म्हणून अत्तर आणि साबणाचे कारखाने घेतात ते हेच. एकेकाळी खानदेशातले तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि तिथे चक्क गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई! सोफियात जिरॅनिऑल बरेच कमी. लिमोनिन, पेरिलिल अल्कोहोल असे घटक जास्त. त्याच्या तेलाला जिंजरग्रास म्हणतात आणि भावही कमी मिळतो.

जंगलात मोतिया कोरड्या उतारावर विरळ, तर सोफिया सखल ओलसर जागी दाट वाढते. शेतात लागवड केल्यावर ही खूण उरत नाही. पान चोळून वास घेणेही पुरेसे नाही.

म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफी. तेलाचा थेंबभर अंश तापवून वाफ करतात आणि लांब, बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो, आलेखावर शिखरे उमटतात. शिखराच्या आकारावरून टक्केवारी निघते. लॅव्हेंडरमध्येही हीच पद्धत: अस्सल लॅव्हेंडरच्या तेलात कापूर अगदी थोडा, संकरित लॅव्हँडिनमध्ये जास्त. (लॅव्हेंडर मात्र भदरवाहसारख्या थंड भागाचे पीक, बीडच्या उन्हात त्याच्या रोपांवर पैसे घालू नका.)

रानातून झोडून आणलेले बी टाळा. लखनौच्या सीमॅप संस्थेचे पीआरसी-१, तृष्णा, तृप्ता असे वाण घ्या. बियाण्याचा स्रोत नवा असेल तर पहिल्या वर्षी गुंठाभरच लावा. फुलोरा पूर्ण आल्यावर कापून तेल काढा, पाणी पूर्ण वेगळे करा आणि गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून तपासणीला द्या. प्लास्टिकची बाटली नको. अहवालात जिरॅनिऑल आणि जिरॅनिल ॲसिटेट यांचे आकडे वेगवेगळे मागा. कापणीच्या अवस्थेनुसार दोन्हींचे प्रमाण बदलते, त्यामुळे कापणीची तारीख बाटलीवर लिहायला विसरू नका.