एरियल आत ढकला

मीडियम वेव्हवर लांबचं स्टेशन लावायचं म्हटलं की माणूस आधी एरियल बाहेर ओढतो. मग ती दांडी खिडकीच्या गजाला टेकवतो, तिला तार गुंडाळतो, घरातल्या एखाद्या पोराला ती धरून उभं करतो. हा सगळा खटाटोप फुकट. साध्या पोर्टेबल सेटमध्ये ती दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मीडियम वेव्हची अँटेना डब्याच्या आत असते. मागचं झाकण काढा, फेराइटची काळपट कांडी आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे दिसतील. तेव्हा एरियल आत ढकला आणि सेटच फिरवा.

या कांडीची दोन्ही टोकं बहिरी असतात, ऐकते ती कुशीने. बहुतेक सेटमध्ये ती आडवी, सेटच्या लांबीत बसवलेली असते. कोकणात हे फार सोयीचं पडतं. रत्नागिरीजवळ भाट्याच्या वाळूत बसून सेटचं एक टोक उत्तरेला, मुंबईच्या दिशेला केलं की मुंबई दबते आणि कूस आपोआप समुद्राकडे, ओमानच्या अंगाला होते. मुंबई अगदी गप्प होत नाही, रात्री तर नाहीच. पण शेजारचा क्षीण आवाज वर यायला तेवढं पुरतं. महागडा सेट असेल तरच लांबचं लागतं, असं म्हणणाऱ्यांनी आधी मनगट फिरवून बघावं. खिशात मावणाऱ्या सेटवर समुद्रापलीकडची स्टेशनं ऐकण्याचा नाद असलेले लोक जगभर आहेत.

‘समुद्रावरचा वारा आवाज आणतो’ हे तर किनाऱ्यावर सर्रास ऐकू येतं. वाऱ्याचा यात काडीचा संबंध नाही, काम खाऱ्या पाण्याचं आहे. समुद्राचं पाणी जमिनीच्या शेकडो, कोरड्या मातीच्या तर हजारो पट चांगलं वीजवाहक असतं. लहर जमिनीवरून सरकताना शक्ती गमावते, पाण्यावरून फारच कमी. क्षितिजालगत, अगदी तिरप्या कोनात येणाऱ्या लहरींना तर पाण्याचा फायदा जास्तच. म्हणून ओल्या वाळूशी ऐकलेलं स्टेशन तीनचारशे मीटर आत, सुरूच्या बनामागे नेलं की मलूल होतं. डोंगरावर चढायचा हट्टही इथे सोडावा. उंचीची गरज एफएमला, मीडियम वेव्हला समोर पाणी हवं. आणखी एक: किनाऱ्यावर एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर नसतात. घरात हीच मंडळी रेडिओत अखंड गुणगुणत असतात. माझ्या मते समुद्राला आपण जे श्रेय देतो, त्यातलं बरंचसं या शांततेचं आहे.

रात्री जास्त ऐकू येतं ते मात्र जग झोपल्यामुळे नव्हे. दिवसा सूर्यप्रकाशामुळे साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर हवेचा एक विद्युतभारित थर तयार असतो आणि वर जाणारी मीडियम वेव्ह तो गिळून टाकतो. सूर्य बुडाला की हा थर विरतो. लहर आणखी वरच्या थरांवर आपटून खाली येते, शेकडो, कधी हजारो किलोमीटरवर. उदाहरणार्थ, बीबीसीने मासिरा बेटावरचं आपलं पुनःक्षेपण केंद्र २००२ मध्ये ओमानच्याच अ-सीला इथे हलवलं. तिथली १४१३ किलोहर्ट्झची लहर ८०० किलोवॉटची. रत्नागिरीहून हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर, मधे सगळा अरबी समुद्र.

अमेरिकेहून भाच्याने आणलेल्या डिजिटल सेटवर हे १४१३ सापडत नाही आणि मग मामा भाच्याच्या नावाने खडे फोडतात. बिचाऱ्या सेटचा दोष नसतो. अमेरिकेत स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. सेट १४१० वरून थेट १४२० वर उडी मारतो. बहुतेक सेटमध्ये ९-१० बदलायची सोय असते, ती शोधावी.

पावसाने मीडियम वेव्ह अडत नाही. अडचण विजांची: लांब कुठे कडाडलेली वीजही त्याच आकाशमार्गाने येऊन कानात फुटते. त्यामुळे मे-जूनपेक्षा डिसेंबर-जानेवारीच्या लांब रात्री बऱ्या. आणि बिनाका गीतमालेची आठवण काढून ‘तेही एएमच होतं’ म्हणणारे अर्धे बरोबर असतात. १९५२ मध्ये सुरू झालेला तो कार्यक्रम रेडिओ सिलोनच्या शॉर्टवेव्हवर यायचा. एएम ही आवाज लहरीवर चढवायची रीत; मीडियम आणि शॉर्ट, दोन्ही पट्ट्यांवर चालणारी.

मीडियम वेव्ह संपली, असंही आता बोललं जातं. आकाशवाणीची बरीच केंद्रं या पट्ट्यावरून गेली हे खरं. पण काही ठिकाणी नुसता फसफसाट ऐकू येतो, तिथे सेट बिघडलाय असं समजू नका. आकाशवाणीने आपल्या ३५ मीडियम वेव्ह प्रक्षेपकांवर डीआरएम ही डिजिटल पद्धत आणली. साध्या सेटला ती कळत नाही, त्याला ती धबधब्यासारखी वाटते.

राहिले सेल. अरबीतली बातमी छान चालू असते, मग आवाज खोल जातो, घोगरा होतो आणि बुडतो. सेल गेले म्हणून आपण टॉर्च काढतो, झाकण उघडतो, एक सेल वाळूत पडतो. तो शोधून, फुंकून परत बसवेपर्यंत बातमी पुन्हा खणखणीत असते. आकाशातले थर हलत असतात. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना मारतात, कधी उचलून धरतात. झाकणाला हात न लावता मिनिटभर थांबा.